बट्टीची साखर

तमाम पिंप्राळावासीयांस, तसेच धुळे येथील संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या घरातील वजनाने सर्वांत मानाच्या सदस्या, सौभाग्यकांक्षिणी कुमारी बट्टी, वय वर्षे सात, यांस मधुमेह झाल्याचा गंभीर संशय सरकारी जनावरांच्या दवाखान्यात व्यक्त करण्यात आला आहे. भेटीस येणाऱ्यांनी दूध आणू नये. शेपटीस हात लावू नये. रडायचे असल्यास अंगणात रडावे.

हे निवेदन मी खरोखर लिहिलं होतं आणि धुळ्याला धाडलं होतं. चौथ्या दिवशी ते परत आलं. ‘सौभाग्यकांक्षिणी कुमारी’भोवती लाल शाईचं वर्तुळ, समासात शेरा: ‘दोन्ही नकोत, एक ठेवा.’ आणि खाली, अक्षर जरा हललेलं: ‘नाटक पुरे. तिला झालंय काय ते नीट कळवा.’

शनिवार ते शनिवार

त्या वर्षी हिची बदली धुळ्याला झाली होती. ही म्हणजे सुमन, माझी बायको. सरकारी कन्याशाळेत मराठी शिकवायची. मी जळगावला एका कचेरीत कारकून, घर तिथल्याच पिंप्राळ्यात. मूलबाळ आम्हाला नाही. बट्टी आहे. पिवळसर, गोल, पाठीवर जरा जास्त भाजल्यासारखा डाग. वरणात बुडवायची तेवढी बाकी होती. नाव हिनं ठेवलं आणि मांजरही हिचंच. मला बट्टी भाडेकरू समजायची.

जळगाव ते धुळे अंतर तसं फार नाही. एरंडोल गेलं, पारोळा गेलं की धुळं आलंच. पण रोज जाऊन-येऊन नोकरी करण्याइतकं जवळही नाही. हिनं तिथं एका बाईंकडे खोली घेतली. शनिवारी सकाळची शाळा करून ही एस.टी.त बसायची, रविवारी चारच्या गाडीनं परत. बुधवार दुपारपर्यंत मी ‘शनिवार जाऊन किती दिवस झाले’ ते मोजायचो आणि बुधवार दुपारनंतर ‘शनिवारला किती राहिले’ ते. बट्टीला मोजावं लागत नसे. शनिवारी तिसऱ्या प्रहरी ती आपली आपण फाटकाच्या खांबावर जाऊन बसायची. तिला वार कसा कळायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

मी हिला पत्रं लिहायचो, जवळजवळ रोज. ही वेगळ्या कागदावर उत्तर देत नसे. माझंच पत्र तपासून परत पाठवायची. ‘वेलांटी पाहा.’ ‘हे वाक्य कुठे संपतं?’ आणि मधेच कुठेतरी, बारीक अक्षरात, ‘इथं मीही थांबले.’ आता तुम्हीच सांगा, शुद्ध लिहिणाऱ्या नवऱ्याला यातलं काय मिळालं असतं? कोरा कागद! म्हणून मी मुद्दाम चुका करू लागलो. जितक्या चुका, तितकं तिचं अक्षर घरी यायचं. मांजराच्या डोक्यावरचा अनुस्वार उचलून मी माणसाच्या डोक्यावर ठेवायचो. ‘माजर खुशाल आहे, मांणूस नाही.’ त्या एका ओळीवर अर्धं पान लाल होऊन आलं. ते पान मी चार दिवस शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. पुढे पुढे मात्र चूक मुद्दाम करावी लागेना. हाताला तेच वळण पडलं.

दवाखान्याचा दिवस

फेब्रुवारी संपत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की बट्टी फार पाणी पिते. मी माठाकडे गेलो की ती मागोमाग. मी पेला भरला की ती वाटीपाशी हजर. मी पिऊन होईपर्यंत तिचंही लपलप चालू. मी बऱ्याचदा जायचो हे खरं. उन्हं तापू लागली होती आणि माझी भाजी रोज खारट व्हायची. पण मांजरानं इतकं पाणी का प्यावं?

केळी भरायच्या टोपलीत तिला घातलं, वर गोणपाट बांधलं आणि स्कूटरला टोपली अडकवून निघालो. पिंप्राळ्यापासून दवाखान्यापर्यंत तिनं असा काही सूर लावला की रस्त्यावरची माणसं टोपलीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

दवाखान्यात माझ्या पुढे एक बैल, दोन शेळ्या. बैलाचा मालक यावलकडचा म्हातारा शेतकरी होता. त्यानं गोणपाटाला कान लावला.

“काय व्हयनं हो मांजरले?”

“आबा, साखरेचा संशय आहे. पाणी फार पिते.”

“मांजरले साखर?” त्यानं बैलाकडे पाहिलं, जणू त्यालाही ऐकू गेलं पाहिजे. “आमना घर ते च्यामा टाकाले बी पुरत नही!”

सगळा दवाखाना हसला. मीही हसलो. पण टोपलीवरचा माझा हात निघत नव्हता.

डॉक्टर धिप्पाड, हात म्हशींना सरावलेले. म्हणाले, “मांजरं मी वर्षात तीन बघतो. त्यातली दोन पळून जातात.” बट्टी पळाली नाही. तिनं भीतीनं टेबल ओलं केलं आणि डॉक्टरांनी तेच तपासायला घेतलं. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाले, “साखर दिसतेय.”

मी खाली बसलो. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसलो.

“एवढ्यात हातपाय गाळू नका,” ते म्हणाले. “मांजर घाबरलं तरी साखर चढते. इथं ही घाबरलीय. घरी तिच्या जागेवर, शांतपणे, पंधरा दिवस रोज लघवी तपासा. तरी उतरली नाही, तर इन्शुलिन. टोचायचं तुम्हीच.”

घरी येऊन टोपली उघडली तर बट्टी थेट हिच्या टेबलाखाली गेली आणि हिच्या जुन्या चपलांवर हनुवटी ठेवून पडली. मी शेजारी फरशीवर बसलो. तेव्हा जे मनात आलं ते सांगायला लाज वाटते, पण अशा लेखात ते नाही सांगायचं तर काय सांगायचं? मला वाटलं, ही शनिवारी येते ती निम्मी माझ्यासाठी आणि निम्मी बट्टीसाठी. बट्टी गेली तर उरलेल्या निम्म्या कारणासाठी तीन तास एस.टी.त कोण उभं राहील? मांजराच्या जिवाला घोर लागला होता आणि मी माझे शनिवार मोजत होतो.

पान, पिचकारी आणि रशीदभाई

ज्यांच्या घरी अशी वेळ आली असेल त्यांना अनुभवाचे दोन शब्द. लघवी धरायला मांजराच्या मागे पळी घेऊन धावू नका. मी दोन दिवस धावलो. तिसऱ्या दिवशी ती माझी चाहूल लागली तरी कपाटावर चढायची, आणि पळी वरणाची होती हे हिला कळल्यावर जे झालं ते वेगळंच. मग मला युक्ती सुचली. पत्र्याच्या पसरट तबकात केळीच्या पानाच्या बारीक पट्ट्या कापून घातल्या. बट्टीनं वास घेतला, उकरून पाहिलं, जागा पसंत केली. पान पाणी शोषत नाही. तबक कलतं केलं की कोपऱ्यात जमतं. तिथून पिचकारीनं ओढायचं आणि बाटलीत भरायचं. जळगावात राहण्याचा याहून मोठा फायदा मला आजवर झालेला नाही.

तपासायचं काम आमचे शेजारी रशीदभाई करायचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले. तिथल्या आम्लांनी त्यांचं नाक कायमचं कामातून घालवलं होतं. त्यामुळे या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस साऱ्या पिंप्राळ्यात नव्हता. त्या वेळी घरी साखर तपासायची रीत अशी: काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी करत विटेसारखं लाल झालं तर भरपूर.

“साहेब, एका नळीवर भरवसा ठेवायचा नाही,” रशीदभाई म्हणाले. “बाजूला एक निरोगी नमुना पाहिजे. तो निळा राहिला तरच समजायचं की औषध ठीक आहे.”

“निरोगी कुठून आणू?”

“का? तुम्ही काय मेलात का?”

तेव्हा निरोगी म्हणून माझी निवड झाली. मी होमिओपथीच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या, त्यांवर शाईनं एकेक अक्षर लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वरून मेणबत्ती घासली, म्हणजे बाटल्या धुतल्या तरी अक्षरं पुसली जाणार नाहीत. कचेरीला जाताना दोन्ही बाटल्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवायच्या. संध्याकाळी आलो की रशीदभाई भिंतीपलीकडून निकाल पुकारायचे, आणि मी वहीत लिहून घ्यायचो.

“मांजर लाल, माणूस निळा!”

दुसऱ्या दिवशी, “मांजर लाल, माणूस निळा!” तिसऱ्या दिवशीही तेच. ते हळूहळू आवाज खाली आणू लागले. आठव्या दिवशी नुसतीच मान हलवली.

लाल आणि निळा

नेमक्या त्याच वेळी हिच्या शाळेत परीक्षा आल्या. दोन शनिवार ही आली नाही. बट्टी दोन्ही शनिवारी खांबावर बसली. पहिल्या शनिवारी दिवेलागणीला आपण होऊन उतरली. दुसऱ्या शनिवारी उतरेना. मी खाली उभा राहून तिला सांगितलं, “अगं, पेपर आहेत तिचे.” समोरच्या वहिनी ओट्यावर भाजी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, “भाऊ, तिला सांगताय की स्वतःला?”

तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे पिवळे बूथ नुकते आले होते. त्यातल्या एकात उभा राहून मी धुळ्याला हिच्या शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत फोन, त्यामुळे ही मोजकं बोलायची.

“बट्टी कशी आहे?”

“लाल.”

“आणि तुम्ही?”

“मी निळा.”

“असेच राहा,” ही म्हणाली आणि फोन ठेवला. मी बूथमधून बाहेर आलो आणि पुन्हा आत गेलो, कारण चष्मा आतच विसरलो होतो. बूथवाला म्हणाला, “काका, पाणी पाहिजे का?” मी त्याच्याकडचं तांब्याभर पाणी प्यायलो.

पंधरवडा संपल्यावर डॉक्टरांनी वही चाळली. पानोपान लाल. त्यांनी दोन युनिटचं इन्शुलिन लिहून दिलं, कातडीची चिमूट कशी धरायची ते दाखवलं आणि म्हणाले, “धरायला दुसरं माणूस लागेल. घरचं असेल तर बरं.”

“ते शनिवारी येतंय,” मी म्हणालो.

इन्शुलिनची बाटली रशीदभाईंच्या फ्रिजमध्ये ठेवली. टोचायचा सराव मी भरताच्या वांग्यावर केला. हंगाम सरता सरता मिळालेलं शेवटचं मोठं, हिरवं वांगं. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी टोचलं. चौथ्या दिवशी मला भुकेनं राहवेना तेव्हा तेच भाजून खाल्लं. त्या दिवसांत मला भूकही फार लागायची.

रविवार

शनिवारी ही आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी बट्टीला उचललं. माझ्याकडे बट्टीच्या दोन कानांमधून पाहिलं. पण पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

रविवारी सकाळी शेवटची तपासणी करायची आणि मग सुई, असं ठरलं. रंग हिला स्वतः बघायचा होता, म्हणून रशीदभाई दिवा घेऊन आमच्या मागच्या ओट्यावर आले. हिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बट्टी, नुसतं तोंड बाहेर. बशीत सुई भरून तयार. ती टक लावून माझ्याकडे बघत होती. वांग्यानं कधी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

रशीदभाईंनी चष्मा लावला आणि एक बाटली उचलली. “पहिली, मांजर.”

“थांबा,” ही म्हणाली. “ती यांची आहे. आत्ता माझ्यासमोर यांनी न्हाणीतून आणून ठेवली.”

“नाही ताई. चिठ्ठी बघा. ‘मां’. मांजर. मा वर अनुस्वार. माझी शाळा उर्दू, पण मराठी मी शुद्ध शिकलोय. कॉलेजात चाळीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या मीच लावल्या.”

हिनं ती बाटली हातात घेतली. मग दुसरी घेतली. मग माझ्याकडे पाहिलं. सहामाहीच्या पेपरांवर पडायची ती नजर.

“अहो, ‘मां’ म्हणजे काय?”

“मांणूस,” मी म्हणालो.

“आणि ‘मा’?”

“माजर.”

बट्टीनं जांभई दिली. रशीदभाईंनी दोन नळ्यांत निळं औषध घेतलं, थेंब टाकले आणि दिवा लावला. बट्टीची नळी उकळून उकळून फेसाळली, पण निळी ती निळीच, आकाशासारखी. मग माझी धरली. ती आधी हिरवट झाली, मग पिवळी, मग नारिंगी, आणि मग अशी लाल झाली की त्या रंगाची वीट कुठल्याही भट्टीवाल्यानं अभिमानानं दाखवली असती.

“तौबा,” रशीदभाई म्हणाले. “मी तर शुद्ध वाचलं.”

“तुम्ही शुद्धच वाचलंत हो,” ही म्हणाली. तिनं बशीतली सुई उचलली, ओट्याच्या पार टोकाला नेऊन ठेवली आणि परत येऊन बट्टीला टॉवेलातून सोडवलं. सोडवताना तिच्या बोटांना गाठ सापडत नव्हती, खरं म्हणजे गाठ मारलेलीच नव्हती. धडधाकट मांजराला ती सुई गेली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी इथं लिहीत नाही.

मला वाटलं, आता माझी शाळा घेणार. अनुस्वारावरून निदान तासभर. तिनं काही घेतलं नाही. माझ्या हातात चहाचा कप होता, तीन चमचे साखरेचा, रोजचा. तो तिनं माझ्या बोटांमधून अलगद काढून घेतला आणि मोरीत ओतला. चारची गाडी त्या दिवशी तिच्याविना गेली.

पुढचं थोडक्यात

बट्टी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि म्हातारपणानं, हिच्या टेबलाखाली, कुणालाही त्रास न देता गेली. मी अजून आहे. सुई रोज घेतो. वांग्यावरचा सराव वाया गेला नाही. नव्यानं या वाटेवर आलेल्यांना माझं सांगणं एवढंच की भीती पहिले पंधरा दिवसच फार मोठी असते, नंतर ती घरातल्या घड्याळासारखी होते, टिकटिक चालू असते आणि ऐकू येत नाही. आणि बाटलीवर नेहमी पूर्ण शब्द लिहा. शुद्धलेखन कच्चं असेल तर चित्र काढा.

हिला बदलून परत यायला आणखी तीन वर्षं लागली. आता ही दिवसभर समोर असते. म्हणजे पत्रं नाहीत. लाल शाईची ती पानं ट्रंकेत आहेत. कधीमधी काढतो, ‘इथं मीही थांबले’ वाचतो आणि ही स्वैपाकघरात आहे हे ठाऊक असूनही मला धुळ्याची गाडी आठवते. किराण्याच्या यादीत मी अजून मुद्दाम चुका करतो. पण ही आता नुसती तोंडानं सांगते. अक्षर येत नाही.

सोमवार

त्या रविवारनंतरच्या सोमवारी ही मला सिव्हिलला घेऊन गेली. धुळ्याला रजेची तार केली होती. दोन तास रांगेत उभे राहिलो. पुढे-मागे खोकणारी, लंगडणारी, बाळं घेतलेली माणसं. चारचौघांत माझ्याशी दोन शब्दसुद्धा न बोलणारी ही बाई, पण त्या रांगेत तिनं माझा दंड सोडला नाही. मी आजारी होतो, मला भीती वाटत होती, आणि सांगू नये पण सांगतो, सोमवार असूनही ही शेजारी होती म्हणून आतून मला उकळ्या फुटत होत्या.

डॉक्टर तरुण होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “वजन कधीपासून उतरलंय?”

“ऊन लागल्यापासून,” मी म्हणालो.

“खोटं,” ही म्हणाली. “दिवाळीपासून. पँटींची कंबर मी दोनदा आत घेतलीय.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “दोनदा? बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. माणूस डोळ्यांदेखत असा वाळत चाललाय आणि तुम्ही कंबर आत घेत बसलात? एकदाही दवाखान्यात आणावंसं वाटलं नाही?”

ही खाली बघू लागली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागची रांग ऐकायला पुढे सरकली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “अहो, वाटलं तरी काय तुम्हाला?”

आणि सबंध सिव्हिलला ऐकू जाईल अशा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात हिच्या तोंडून निघून गेलं, “मला काय ठाऊक! मला वाटलं, माझ्याविना झुरताहेत!”